मोजणी शून्यावर आली तर

19 जुलै 2024 च्या शुक्रवारी जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. कारण निघालं ते असं: क्राउडस्ट्राइक कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर 21 वी नोंद वाचायला गेलं आणि त्याला दिलेल्या नोंदी होत्या 20. त्याने 21 वी समजून मेमरीतला जो तुकडा वाचला, तो त्याचा नव्हताच. एखाद्या गेममध्ये हे घडलं असतं तर तेवढा गेम बंद पडला असता. हे सॉफ्टवेअर मात्र कर्नलमध्ये बसलेलं होतं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला द्यायची, फाइल कोणी उघडायची, कोणाला अडवायचं, हे सगळं तोच ठरवतो. तो कोसळला की मशीन कोसळतं.

त्या दिवशी निदान हल्लेखोर तरी कोणी नव्हता. अशीच चूक हल्लेखोराला आधी सापडली तर मशीन बंद पडत नाही. ते मुकाट्याने त्याच्या ताब्यात जातं, आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

मी पुण्यात लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहिते. लिनक्सच्या कर्नलमध्ये आज चार कोटींच्या आसपास ओळी आहेत, बहुतेक सगळ्या सी भाषेतल्या. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नल असतो. सी भाषा वेगवान आहे, आणि तिचा प्रोग्रामरवर नको तितका विश्वास आहे. दहा जागांच्या यादीत अकरावी जागा मागितली तरी ती हटकत नाही. मेमरी परत केल्यावर तिचा जुना पत्ता वापरला तरी हटकत नाही. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. अकरा महिन्यांचा करार संपला, भाडेकरूने खोली सोडली, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली. पुढे त्या खोलीत दुसऱ्याचा संसार थाटला गेला आणि हा मनात येईल तेव्हा दार उघडतोय, असा तो मामला. आमच्यात त्याला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात.

खोली नेमकी केव्हा रिकामी झाली हे कळायला कर्नल मोजणी ठेवतो. एखादी वस्तू कोणी वापरायला घेतली की आकडा एकाने वाढवायचा, सोडली की कमी करायचा. शून्य झाला की मेमरी मोकळी. जानेवारी 2016 मध्ये या मोजणीतलीच एक चूक उघडकीला आली. पासवर्ड, किल्ल्या वगैरे सांभाळणाऱ्या भागात एका विशिष्ट वेळी आकडा वाढायचा, पण कमी करायचं राहून जायचं. एरवी कोणाला फरक पडला नसता. पण आकडा 32 बिटांचा, म्हणजे 429 कोटी 49 लाख 67 हजार 295 नंतर पुन्हा शून्य. साध्या परवानग्या असलेला कोणीही तीच मागणी एवढ्या वेळा करत राहिला की आकडा फिरून शून्यावर येई, वापरात असलेली मेमरी कर्नल मोकळी करून टाकी आणि पुढे अख्खं मशीन हाती येई. यासाठी अर्धा तास पुरे होता. ही चूक 2012 पासून कर्नलमध्ये होती, हजारो डोळ्यांसमोर.

ती एका छोट्या पॅचने दुरुस्त झाली. पण तशा आणखी किती असतील? ही चूक उघड होण्याच्या थोडं आधीच, 2015 च्या अखेरीस, कर्नल डेव्हलपर केस कुक यांनी ‘कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रोजेक्ट’ सुरू केला तो अशाच प्रश्नावरून. चुका राहणारच, त्या सापडायला वर्षं लागणार, तेव्हा चुकांची एकेक जातच निरुपयोगी करून टाकायची, अशी त्यामागची भूमिका. यातल्या बऱ्याच कल्पना ग्रसिक्युरिटी आणि पॅक्स या पॅचवाल्यांनी कितीतरी आधी वापरून दाखवल्या होत्या, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मोजणीसाठी 2017 मध्ये लिनक्स 4.11 मध्ये नवा प्रकार आला. त्यातला आकडा मर्यादेबाहेर जायला लागला की तिथेच गोठतो, शून्यावर परत येत नाही. ती मेमरी मग कधीच मोकळी होत नाही, वाया जाते. जाऊ दे वाया, चुकीच्या हाती पडली नाही म्हणजे झालं. मला हा उपाय फार आवडतो, कारण चूक कोणी, कुठे केली हे त्याला ठाऊक असायची गरजच नाही. वेग कमी होईल म्हणून नेटवर्कवाल्यांनी कुरकुर केली, आणि मग इंटेल-एएमडी प्रोसेसरांसाठी त्याची वेगवान आवृत्ती लिहावी लागली.

भांडणं याहून मोठीही झाली. नोव्हेंबर 2017 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स सुरक्षावाल्यांवर भयंकर उखडले. नव्या तपासणीत काही गैर दिसलं की तो प्रोग्राम मारून टाकायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. आधी इशारा द्या, लोकांची कामं बंद पाडू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भाषा शिवराळ होती, तिचं समर्थन मी करणार नाही. पण आमचे ड्रायव्हर कारखान्यांत चालतात, लाइन थांबली की पहिला फोन मला येतो. त्यामुळे त्यांचा मुद्दा मला पटतो. बँकेच्या सर्व्हरवर मात्र मी उलट मत देईन. तिथे शंका आली की बंद पडलेलंच बरं.

आता प्रोसेसरही मदतीला आलेत. आर्म कंपनीच्या पद्धतीत मेमरीच्या दर 16 बाइटला 4 बिटांची खूण असते आणि तीच खूण पत्त्यातही असते. खोली नव्या माणसाला दिली की कुलूप बदलतं, जुनी किल्ली चालत नाही. खुणा 16 च असल्याने क्वचित जुनी किल्ली लागून जाईलही. पिक्सेल 8 मध्ये 2023 साली ही सोय आली, ॲपलने 2025 मध्ये आयफोन 17 मध्ये तिच्यावर बेतलेली व्यवस्था दिली.

आणि रस्ट. या भाषेत अशा बहुतेक चुका कंपायलरच अडवतो. डिसेंबर 2022 मध्ये लिनक्स 6.1 मध्ये तिचा शिरकाव झाला. गूगलच्या आकडेवारीनुसार अँड्रॉइडमधल्या सुरक्षा त्रुटींत मेमरीच्या चुकांचा वाटा 2019 मध्ये 76 टक्के होता, 2024 मध्ये तो 24 टक्क्यांवर आला, कारण नवा कोड अशा भाषांत लिहिला जाऊ लागला. पण चार कोटी ओळी कोणी पुन्हा लिहीत बसणार नाही. सी अजून कित्येक वर्षं राहणार आहे, आणि तोवर हे गोठणारे आकडे आणि बदलणारी कुलुपं लागणारच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. फोन सहसा ज्या पिढीच्या कर्नलसह विकला जातो, त्याच पिढीवर आयुष्य काढतो. नंतरच्या अपडेटमधून येतात त्या प्रामुख्याने सापडलेल्या चुकांच्या दुरुस्त्या. म्हणून फोन घेताना मेगापिक्सेल विचारून झाले की दोन प्रश्न आणखी विचारा: यातला कर्नल कोणत्या आवृत्तीचा, आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? काही कंपन्या आता सात वर्षांचं आश्वासन देतात. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर पाहा, आणि तिथेही सापडलं नाही तर तो फोन घेऊ नका.