पऱ्यातले मासे कुठे गेले? उत्तर काठावरच्या बागेत आहे

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की कोकणातल्या वाड्यांमधून माणसं टॉर्च आणि जाळी घेऊन पऱ्यावर जातात. नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर येतात, अगदी भाताच्या खाचरांपर्यंत. रायगडात याला वलगण म्हणतात, तळकोकणात हेच चढणीचे मासे. मळे, खवळे, शिंगटी. एका रात्रीत घरचं कालवण व्हायचं आणि शेजाऱ्याकडेही वाटी जायची.

आता जुनी माणसं म्हणतात, पाऊस तोच, पऱ्या तोच, मासा मात्र पूर्वीसारखा दिसत नाही. दोष बहुतेक वेळा मासे मारणाऱ्यांना दिला जातो. अंड्यांनी भरलेला मासा मारणं हे कारण आहेच. पण आणखी एक मोठं कारण पाण्याबाहेर, काठावरच्या जमिनीत आहे.

दगडाखाली काय असतं?

पऱ्यातला एखादा दगड उलटून बघा. त्याला चिकटून चपटे, तीन शेपट्यांचे छोटे किडे पळताना दिसतील. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळकांड्यात राहणारी अळी दिसेल. चतुराची पिल्लंही इथेच, पाण्यात वाढतात. शिवाय गोगलगायी, शिंपले आणि खेकडे. पऱ्यातल्या बऱ्याच लहान माशांचं रोजचं जेवण हेच. हे जीव गेले की मासा उपाशी राहतो, मग जाळं कुणी टाको वा न टाको.

काठावर जमीन कशी वापरली जाते, त्यावर या जीवांचं जगणं ठरतं.

माती, सावली आणि खत

उतारावर जेसीबी लावून काजू-आंब्यासाठी जमीन मोकळी केली की पहिल्याच पावसात लाल माती पऱ्यात उतरते. खड्यांमधल्या फटी गाळाने बुजतात. त्या फटीच किड्यांची घरं असतात आणि अनेक मासे अंडीही तिथेच घालतात. गाळाखाली अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

काठावरचे करंज, जांभूळ, उंबर तोडले की दुसरं नुकसान होतं. त्यांचा पाचोळा हे कित्येक पाणकिड्यांचं अन्न असतं. सावली गेली की पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात वरून वाहून आलेला युरिया मिसळला की शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्री तेच तो ओढून घेतं. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

फवारणीचा हिशेब

सगळ्यात झटपट घात होतो तो औषधाने. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी होते ती हिवाळ्यात. नेमका त्याच काळात पऱ्याचा प्रवाह आटत जातो आणि मासे, खेकडे उरलेल्या डोहांत गोळा होतात.

तुडतुड्यांसाठी वापरलं जाणारं लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे ५ टक्क्यांचं औषध घ्या. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम मूळ विष असतं. लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढं विष प्रयोगशाळेत मासे आणि पाणकिडे मारायला पुरतं. या हिशेबाने १ मिलिलिटर औषध ५० हजार लिटर पाण्याला पुरेल. म्हणजे दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि एक मीटर खोल डोह. प्रत्यक्षात बरंचसं विष गाळाला चिकटतं, त्यामुळे पाण्यातलं प्रमाण कमी होतं. पण पाणकिड्यांचा मोठा भाग त्याच गाळात राहतो.

आता आठवून बघा, फवारणी संपल्यावर पंप कुठे धुतला जातो? बहुतेक ठिकाणी पऱ्यातच. बरेचदा बागेचा मालक मुंबईत किंवा आखातात असतो, बाग कराराने दिलेली असते. पंप कुठे धुवायचा हे करारात कुणी लिहीत नाही.

बाटलीवरच्या त्रिकोणाबद्दलही एक गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला असलेला धोका सांगतात, माशांना असलेला नाही. निळा किंवा हिरवा त्रिकोण असलेलं औषध पाण्यातल्या जिवांना घातक असू शकतं.

बाहेरचा अनुभव

जपानमधल्या शिंजी सरोवराभोवती भातशेती आहे. तिथे १९९३ पासून इमिडाक्लोप्रिडच्या गटातली कीटकनाशकं वापरात आली. त्यानंतर वसंतातल्या सूक्ष्म प्राण्यांचं प्रमाण ८३ टक्क्यांनी घटलं आणि वाकासागी या माशाची वार्षिक पकड सुमारे २४० टनांवरून २२ टनांवर आली. या दोन गोष्टींचा संबंध दाखवणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाने थेट मासा मारला असं नाही, त्याचं अन्न संपवलं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मुख्यतः मधमाश्यांसाठी. इमिडाक्लोप्रिड आणि थायोमेथोक्झाम आपल्याकडे आंब्यावर आजही फवारतात.

शेती शत्रू नाही

याचा अर्थ शेती बंद करा असा नाही. भाताची खाचरं हीच तर चढणीच्या माशांची बाळंतखोली. खाचर पडीक राहिलं, भराव घालून प्लॉट झालं किंवा त्यात तणनाशक पडलं की मासा चढून जाणार कुठे? प्रश्न शेती करण्याचा नाही, कशी करतो याचा आहे.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पऱ्याच्या दोन्ही बाजूंना किमान दहा पावलं झाडं-झुडपं तशीच राहू द्या. पंप आणि टाकी बागेतच धुवा आणि ते पाणी झाडांवरच फवारा. रिकाम्या बाटल्या पऱ्यात टाकू नका. पावसाची चिन्हं असताना फवारू नका आणि कीड मोजल्याशिवाय औषध उचलू नका. काजूखालचं गवत तणनाशकाने जाळण्यापेक्षा कटरने कापा, त्याची मुळं माती धरून ठेवतात. बाग कराराने देत असाल तर या अटी कागदावर लिहून घ्या.

आणि वर्षातून एकदा, पावसानंतर, मुलांना घेऊन पऱ्यावर जा आणि दगड उलटा. तीन शेपट्यांचे किडे दिसले तर पऱ्या जिवंत आहे. फक्त शेवाळ आणि लाल अळ्या दिसल्या तर वरच्या अंगाला काय चाललंय ते बघायला हवं. कारण तेच पाणी पुढे झिरपून आपल्या विहिरीत येतं.