खटाऱ्याचं चाक

"प्रत्येक जिल्ह्याचा एक आपला पक्ष असतो. धाराशिवचा कुठं गेला, बघून ये," एवढंच संपादक म्हणाले. पक्ष कोणता, हे सांगायची गरज नव्हती. या भागात नावाआधी 'भाई' लावलेला माणूस म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, हे अजूनही लहान पोरांना नसलं तरी म्हाताऱ्यांना कळतं. पक्षाचे इथले नेते उद्धवराव पाटील यांचा उल्लेख 'भाई'शिवाय करणारा जुना माणूस मला तरी भेटला नाही.

जिल्ह्याच्या गावी न जाता मी येरमाळ्याला उतरलो. बार्शी-कळंब रस्ता आणि सोलापूर-धुळे महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. येडाई देवीच्या यात्रेला येणारी माणसं, उसाचे ट्रॅक्टर आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या गाड्या, सगळ्यांना या चौकातूनच जावं लागतं. शिवाय इथून काही कोसांवर निजामाची हद्द संपायची. पलीकडची बार्शी इंग्रजांची. 1948 च्या आधी रझाकारांच्या त्रासाने माणसं तिकडे पळायची आणि हद्दीवरच्या कॅम्पांतून लढणारे इकडे शिरायचे. या भागाच्या राजकारणाची पहिली शाळा तीच.

अधिकृत इतिहास लवकर सांगून होतो. 1904 साली जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गाहून धाराशिवला आलं, पुढे निजामाच्या नावाने ते उस्मानाबाद झालं आणि 2023 साली पुन्हा धाराशिव. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 साली महाराष्ट्र झाला, 1982 साली लातूर वेगळा निघाला. मधल्या काळात काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेकाप उभा केला. 1950 च्या दाभाडीच्या अधिवेशनात त्याने मार्क्सवादाची कास धरली, आणि 1952 च्या हैदराबाद विधानसभेत त्याचे दहा जण बसले. दाभाडीचा प्रबंध गावात किती जणांनी वाचला असेल कोण जाणे. लेव्हीचं धान्य आणि कुळाची जमीन मात्र वाचून समजून घ्यायची गोष्ट नव्हती.

मला अडवलं ते एका भिंतीने. चौकापासून आत, जुन्या घराच्या दगडी भिंतीवर चुन्याच्या थराखालून गेरूची एक वाटोळी रेघ डोकावत होती. "ते आमचंच हाय," ओट्यावर बसलेले आबा म्हणाले. तरुणपणी ते निवडणुकीत भिंती रंगवायचे. पैसे? "कशाचे पैसे, सर? भाकरी मिळायची, बास."

पक्षाची निशाणी खटारा. आबांच्या मते सगळ्या निशाण्यांत सगळ्यात अवघड. भिंतीत खिळा ठोकायचा, त्याला सुतळी बांधायची, सुतळीच्या टोकाला गेरूची कांडी, आणि एका दमात गोल फिरवायचं. मधे तुंबा, बाहेर धाव. आरे किती काढायचे, हा खरा प्रश्न. खऱ्या गाडीला बारा आरे. आबा सहाच काढायचे. "बारा काढले तर लांबून काळा गोळाच दिसतोय. मग लोक इचारणार, ही भाकर कुणाची?" जूही ते जरा वर उचललेलं काढायचे, म्हणजे बैल आत्ताच सोडलेत असं वाटावं. मी वहीत काढून पाहिलं. माझं चाक अंड्यासारखं झालं. आबांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

वर पांढरं द्यायला चुना. येरमाळ्यात त्याला वेगळं मोल आहे. चैत्री पौर्णिमेनंतर देवीची पालखी निघते, तेव्हा लाखो हात रानातून चुन्याचे खडे वेचतात आणि त्याच चुन्याने मंदिराची रंगरंगोटी होते. निवडणुकीचा चुना कुठला, असं मी विचारल्यावर आबा हसले. "दुकानातला. देवीचा घेऊन कसं चालंल?"

आता ही गाडी भिंतीवरून का गेली? गोष्टीची खरी गाठ इथे आहे, आणि ती येरमाळ्यात सुटत नाही. जेधे-मोरे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. कारखाना, बँक, सूतगिरणी ज्याच्या हाती, त्याच्याकडे ऊसवाला जाणारच. भांडणाऱ्या पक्षाकडे वाटायला काही नव्हतं. तुळजापूरला माणिकराव खपले निवडून आले, कंधारला केशवराव धोंडगे आणि सांगोल्याला गणपतराव देशमुख वर्षानुवर्षे टिकले. पण ही बेटं होती. एकेका माणसावर उभा असलेला पक्ष त्या माणसाच्या वयाबरोबर म्हातारा होतो, आणि शेकापने हे फार उशिरा ओळखलं, असं माझं मत.

त्यात कायद्याची मेख. निशाणी राखीव राहायची तर पक्षाला राज्यात मान्यता हवी. तिची एक अट अशी, की विधानसभेला सहा टक्के मतं पडावीत आणि दोन आमदार यावेत. मान्यता नसेल तर निवडणूक आयोगाच्या मोकळ्या चिन्हांतलं एखादं मागून घ्यायचं. पन्नास वर्षं भिंतींवर गिरवलेलं चाक असं एका नियमावर निघून जातं. 2024 साली 288 जणांच्या विधानसभेत शेकापचे एकटे बाबासाहेब देशमुख सांगोल्याहून आले. इकडे कळंब नावाचा मतदारसंघही 2009 पासून उरलेला नाही. पोरांपुढे दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी आहेत, आणि खटारा म्हणजे काय ते त्यांना दाखवावं लागतं. सोयाबीन ट्रॅक्टरनेच बाजारात जातं.

निघताना आबांनी विचारलं, "सांगोल्याला औंदा निशाणी कोणची होती म्हणं?"

"शिट्टी."

ते भिंतीकडे बघत राहिले. "शिट्टी काय, दोन मिंटांत होती," म्हणाले. "सुतळीबी लागत न्हाई."