चांगले खेळाडू आहेत, तरी टीम का जमत नाही?

काल एका कॉलेजच्या पोरांची बास्केटबॉल मॅच पाहिली. पाचही जण तयारीचे, पण बॉल एकाच्या हातातून सुटेना. मला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची 2022-23 ची टीम आठवली.

आदल्या वर्षी ही टीम एनसीएए या देशपातळीवरच्या कॉलेज स्पर्धेची फायनल कॅन्सस विद्यापीठाकडून 72-69 अशी हरली होती. सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे परत आले. सीझनआधी देशात पहिला नंबर! शेवटी 20 विजय, 13 पराभव आणि एनसीएए स्पर्धेत जागाच नाही. 1985 मध्ये स्पर्धा 64 टीमची झाल्यापासून पहिल्या नंबरच्या टीमचं असं कधीच झालं नव्हतं.

गेला होता एकटा ब्रॅडी मॅनेक. उंच, तरी लांबून नेम साधणारा. त्याला अडवायला डिफेंडर बाहेर यायचा आणि आत खेळणाऱ्या आर्मांडो बेकॉटला मोकळी जागा मिळायची.

तो गेला आणि आत गर्दी झाली. गार्ड अवघड शॉट घेऊ लागले. माझं ठाम मत आहे: पोरांची मैत्री कितीही असो, कोर्टवर जागाच नसेल तर पास जाणार कुठे?

पुढच्या सीझनला बेकॉट आणि गार्ड आर. जे. डेव्हिसच्या जोडीला नवे खेळाडू आले आणि टीम आपल्या एसीसी या लीगमध्ये पहिली आली.

तुमच्या टीममध्ये बॉल कुठे अडतो? कमेंटमध्ये लिहा, नक्की बोलू.