टाकाऊतून साखरशाळा : महाविद्यालयाच्या आवारातील दोन दिवसांचे प्रदर्शन



गळीत हंगाम ऐन भरात असताना महाविद्यालयाच्या आवारात भंगाराचे प्रदर्शन कशाला, असे आपल्यापैकी अनेकांनी आम्हाला विचारले. एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर वजनकाट्यावरच अडवले, "अहो, भंगार इकायचं का मांडायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सगळी हकीकत आपल्यापुढे ठेवीत आहोत.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवणाऱ्या एका सेवाभावी संस्थेने आमच्याकडे दोन दिवसांसाठी जागा मागितली. टाकाऊ वस्तूंपासून केलेली कलाकृती मांडायची, येणाऱ्यांनी यथाशक्ती मदत करायची आणि त्यातून मुलांच्या वह्या-दप्तरांची सोय करायची, असा साधा बेत. मंडप नाही, उद्घाटनाचा थाट नाही. संचालक मंडळाची परवानगी घेऊन आम्ही होकार दिला.

खरे पाहता, टाकाऊचे मोल आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. एक टन ऊस गाळला की सुमारे पावणेतीनशे किलो बगॅस निघते. तेच बॉयलरमध्ये जळते, तेव्हा कारखाना फिरतो. मळी आसवनीला जाते, प्रेसमड शेतात खत म्हणून येतो. एके काळी डोकेदुखी वाटणारा माल आज ताळेबंदात मानाने बसला आहे.

कलेच्या बाबतीतही असेच घडलेले आहे. चंदीगडमध्ये बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी 1957 साली, कुणाला न सांगता, पाडलेल्या घरांचे तुकडे, फुटक्या बांगड्या आणि कपबश्या जमवून मूर्ती उभारायला सुरुवात केली. जागा सरकारी, त्यामुळे सगळे पाडले जाण्याचीच भीती. पण लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1976 मध्ये ते रॉक गार्डन सर्वांना खुले झाले. आपल्या पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून मुलांना विज्ञान शिकवले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यातच कचरावेचकांनी 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना बांधली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. सहकार नुसता उसाचाच असतो असे नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

आता व्यवस्थेविषयी. कारखान्याचे भंगार ही सभासदांची मालमत्ता. म्हणून झिजलेल्या साखळ्या, बेअरिंग, फिल्टरचे जुने कापड जे काही दिले, ते वजन करून, गेटपास करून दिले, आणि प्रदर्शनानंतर त्याच कागदावर परत जमा करून घेतले. कीटकनाशकांचे डबे-बाटल्या आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढल्या. धुतले तरी ते मुलांच्या हाती द्यायचे नसतात. पत्र्याच्या कडा वर्कशॉपच्या मंडळींनी कानशीने घासून दिल्या. मांडणी बांबू, सुतळी आणि दोन रिकाम्या ट्रॉल्यांवर केली, म्हणजे भिंतीला खिळा नको आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवार जसेच्या तसे मोकळे.

महाविद्यालयाच्या मुलांनी साखळीचा मोर केला, तो गर्दी खेचून गेला. ठिबकच्या जुन्या नळ्या विणून मुलींनी टोपल्या केल्या. बांधावर पडून राहणाऱ्या त्या नळ्यांचा असा उपयोग पाहून बऱ्याच शेतकऱ्यांनी हातात घेऊन ताण देऊन पाहिला. साखरशाळेच्या मुलांनी चिपाडाच्या बैलगाड्या आणल्या होत्या. चाक, जू, साट्या, सगळे बेतशीर. ज्यांचे आईबाप पहाटे फडात जातात, त्या मुलांना गाडीचा कोणता भाग कुठे बसतो हे कुणी शिकवावे लागले नाही.

खरा प्रश्न उभा राहिला तो गोधडीपाशी. तोडणी कामगार बायकांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली एक वाकळ संस्थेने दोरीवर लावली होती. त्यांच्यातलीच एक बाई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे आमच्या कोपीत रोजचंच हाय की. ह्याला परदर्शन म्हणत्यात व्हय?" आजूबाजूचे हसले. ती मात्र हसली नाही. तिने पुढे विचारले, "मग इकली तर पैसं कुणाचं?"

या प्रश्नाला बगल देऊन चालणार नव्हते. संस्थेचे कार्यकर्ते, प्राचार्य आणि आम्ही तिथेच बसून ठरवले. बायकांनी केलेल्या वस्तूची पूर्ण किंमत करणारणीच्या हातात, मदतपेटीतली रक्कम साखरशाळेला, आणि प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचे नाव. मोराखाली विद्यार्थ्यांची नावे होतीच. वाकळीखालीही नाव लागले. मदतपेटी सर्वांसमक्ष उघडून मोजली आणि पावती फलकावर लावली. सेवाभावाच्या नावाखाली कष्टकऱ्याचा हात झाकला जाऊ नये, एवढे तरी सहकारातल्या माणसाला कळलेच पाहिजे.

दोन दिवसांच्या प्रदर्शनाने साखरशाळा वर्षभर चालत नाही, हे आम्ही जाणतो. हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि नेमके शाळेचे निम्मे वर्ष या मुलांचे फडावर जाते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळालाच पाहिजे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. पण मूल आले आहे, हे शाळेला कुणी सांगायचे?

ते काम आपले आहे. आपल्या शेतात टोळी उतरली, की पहिल्या आठवड्यातच मुकादमाला विचारा, "पोरं किती, शाळेच्या वयाची किती?" आणि नावे गावच्या मुख्याध्यापकांना किंवा आपल्या गटाच्या शेतकी ऑफिसात कळवा. जुन्या ठिबकच्या नळ्या असतील तर त्याही जाळू नका, महाविद्यालयात पोहोचत्या करा. नळ्या पुढच्या वर्षी दिल्या तरी चालतील. मुलांची नावे मात्र याच हंगामात द्या.