निर्व्यसनी घरातलं अल्कोहोल

‘आमच्या घरात दारूचा थेंब नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आधी आजीचं औषधांचं कपाट उघडावं. द्राक्षासव, कुमारीआसव, अशोकारिष्ट! यांत बाहेरून कुणी दारू ओतत नाही, ती आतल्या आत तयार होते. काढ्यात किंवा रसात गूळ घालायचा, धायटीची फुलं टाकायची, भांड्याचं तोंड बंद करून मुरवत ठेवायचं. यीस्ट साखर खातं. अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. आसवात अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे बिअरच्या तोडीस तोड. फरक मापाचा. इथे दोन चमचे, तिथे अख्खी बाटली.

पाव फुगवणारं यीस्टही हेच करतं. फक्त तिथे आपल्याला वायू हवा असतो. अल्कोहोल बहुतेक सगळं भट्टीत उडून जातं. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूरच वापरत. तीच सूर आणखी आंबू दिली, की जिवाणू अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात आणि सोरपोतेल या गोव्याच्या मांसाहारी पदार्थाला लागणारा सिरका तयार!

यीस्टचं नशीब मात्र फुटकं. आपणच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये ते गारद होतं. साधारण १५ टक्क्यांच्या आसपास बहुतेकांचा कारभार आटोपतो. पुढची मजल भट्टीची. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. काजूच्या बोंडांचा आंबलेला रस एकदा उकळून वाफ थंड केली की उर्राक, पुन्हा उकळली की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण कितीही वेळा उकळा, साध्या भट्टीत ९५-९६ टक्क्यांवर घोडं अडतंच. त्या प्रमाणाला पाणी आणि अल्कोहोल जोडीनंच वर जातात. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल, म्हणजे हेच अल्कोहोल, तर जवळजवळ कोरडं लागतं. म्हणून आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून ते काढल्यावर उरलेलं पाणी सूक्ष्म छिद्रांच्या खड्यांत शोषून घ्यावं लागतं. सॅनिटायझरची तऱ्हा उलटी. तिथे पाणी हवंच! ७० टक्क्यांचं मिश्रण शुद्ध अल्कोहोलपेक्षा जंतूंना जास्त भारी पडतं, कारण पाण्याशिवाय त्यांची प्रथिनं नीट मोडत नाहीत.

हिशेबाच्या वहीत न बसणारी गोष्टही ऐका: ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर अल्कोहोल ओतलं तर १०० भरत नाही, ९६-९७ च भरतं. रेणू एकमेकांत दाटीवाटीनं बसतात.

आता इथेनॉलचा धाकटा भाऊ, मिथेनॉल. इथेनॉलमध्ये कार्बनचे दोन अणू, याच्यात एकच. दिसायला तसाच, वासालाही जवळपास तसाच. म्हणून तर विषारी दारूत खपून जातो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल स्वतः फारसं काही करत नाही. आपलंच यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. हे आम्ल डोळ्याच्या नसेवर जातं, दृष्टी जाते, पुढे जीवही.

आणि उतारा? दारूच! यकृतात हा बदल घडवणाऱ्या एन्झाइमला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल जास्त प्रिय. रुग्णालयात मोजून-मापून इथेनॉल दिलं, की एन्झाइम त्यातच गुंतून राहतं आणि मिथेनॉल हळूहळू शरीराबाहेर पडतं. आता फोमेपिझोल नावाचं जास्त सोयीचं औषध आहे. ते महाग आहे, सगळीकडे मिळत नाही; नसेल तिथे डॉक्टर आजही इथेनॉलच देतात.