नवी कोंबडी आली? आधी वेगळी ठेवा



ओवळा, कासारवडवली, येऊरचे पाडे, घोडबंदर रोडच्या आजूबाजूला अजूनही बऱ्याच घरांच्या परसात दहा-पंधरा कोंबड्या असतात. संख्या वाढवायची म्हणून कोणी बाजारातून गावठी तलंगा आणतात, कोणी पाहुण्यांकडून गिरिराज नाहीतर वनराज. घरी आल्यावर पिशवी उघडायची आणि कोंबडी सरळ खुराड्यात सोडायची, ही आपली सवय. नुकसान होते ते इथेच. नवी कोंबडी दोन संकटे आणू शकते : रोग आणि मारामारी. रोग अधिक वाईट, म्हणून आधी तो पाहू.

पहिला महिना : वेगळे बिऱ्हाड

मानमोडीची लागण झालेली कोंबडी काही दिवस धडधाकट दिसते. जुनाट सर्दीतून उठलेली कोंबडी तर वरून चांगली दिसते, पण रोग अंगात बाळगून असते. म्हणून निदान २१ दिवस, जमल्यास ३० दिवस, नवी कोंबडी घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. जागा बंदिस्त व जाळीची हवी. मुंगूस सगळीकडेच आहे, आणि येऊरच्या बाजूला बिबट्याही फिरतो.

* दाणापाणी आधी जुन्या कोंबड्यांना द्या, मग नव्यांना. भांडी व झाडू वेगळे ठेवा. नंतर हातपाय साबणाने धुवा.
* पंखाखाली व शेपटीच्या मुळाशी पिसे बाजूला करून उवा-पिसवा बघा.
* नाक गळणे, घरघर, हिरवी हगवण, मान वाकडी होणे यांपैकी काही दिसले तर मिसळू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.
* मानमोडी व देवीची लस टोचली होती का, हे विकणाऱ्याला विचारा. खात्री नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लस द्या.

शेवटच्या आठवड्यात आपली एक जुनी कोंबडी नव्यांच्या सोबतीला ठेवा. ती ठणठणीत राहिली तर बरेचसे निश्चिंत व्हा.

दुसरा टप्पा : जाळीतून ओळख

कोंबड्यांत मानपान असतो. कोणी आधी खायचे, कोणी वर बसायचे, हे ठरलेले असते. नवी आली की तो हिशेब पुन्हा मांडला जातो. म्हणून आठवडाभर दोन्ही गट शेजारी ठेवा, मध्ये जाळी असू द्या. दिसू दे, चोच मात्र पोचायला नको. एकटी कोंबडी सोडू नका, दोन-तीन मिळून सोडा. एकटीवर सगळ्या तुटून पडतात.

तिसरा टप्पा : एकत्र सोडणे

अंधार पडल्यावर नव्या कोंबड्या हळूच दांडीवर बसवा. पहाटे मात्र स्वतः हजर राहा. कामाला जायचे असेल त्या दिवशी हे करूच नका. कणी चार ठिकाणी फेका, पाण्याची भांडी दोन-तीन ठेवा, म्हणजे दबलेली कोंबडीही पोटभर खाईल. खुराड्यात दर कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा हवी. थोडी टोचाटोची होणारच, आठवड्या-दीड आठवड्यात ती निवते. रक्त दिसले मात्र लगेच वेगळे करा. रक्त दिसले की सगळ्या तिथेच टोचतात आणि जीव घेतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे, जादा कोंबडा आणू नका.

एकदम मर झाली तर

जानेवारी २०२१ मध्ये घोडबंदर रोडवरच वाघबीळ भागात पाणबगळे मेलेले सापडले आणि ठाण्यात बर्ड फ्लू असल्याचे तपासणीत निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत हाच रोग आला, तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. त्यांत धडधाकट कोंबड्याही होत्या. म्हणून दाणापाणी झाकलेल्या जागी ठेवा, रानपाखरांना त्यात तोंड घालू देऊ नका. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर त्या उघड्यावर टाकू नका, कापू नका, उरलेल्या घाईने विकू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा दवाखान्यात कळवा.

महिनाभराची वाट जड वाटेल, बंधूंनो. पण दोन कोंबड्यांच्या घाईपायी सगळे खुराडे रिकामे होण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त.