सागवानाचा शिक्का आणि लिंकरचा पत्ता

गडचिरोलीतील आलापल्लीच्या रानात सागवान तोडला गेला, की तो सरळ बाजारात जात नाही. ओंडक्यावर हातोड्याने शिक्का उमटतो, त्याचे माप वहीत चढते, वाहतूक परवाना बरोबर निघतो, आणि मगच चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाहच्या आगारात त्याला थप्पीतली जागा मिळते. लिनक्सवर मूळ संहितेपासून आज्ञावली घडविताना अखेरचा हात फिरविणारा जो लिंकर, त्याचा कारभार मला याच जंगल-दप्तराच्या वळणाचा वाटत आला आहे.

कंपायलर संहितेच्या ऑब्जेक्ट फायली करतो खऱ्या. परंतु त्यांत ‘अमुक फंक्शन अन्यत्र आहे, पत्ता मागाहून भरावा’ असे हवाले थकीत राहतात, आणि ते चुकते करणे हा लिंकरचा धर्म. ग्रेस हॉपर यांच्या १९५२ सालच्या ए-० प्रणालीचेही मुख्य काम फितीवरील तयार उपक्रम शोधून एकत्र जोडणे हेच होते.

लिंकरला द्यावयाच्या सूचना एलडीफ्लॅग्ज या चलात लिहितात. उणे चिन्हापुढचा मोठा एल लायब्ररीचे ठिकाण सांगतो, लहान एल तिचे नाव; नावाच्या आरंभीचे ‘लिब’ गाळायचे असल्यामुळे गणिताच्या ‘लिबएम’साठी लहान एलपुढे नुसता एम पुरतो. मात्र ही नावे एलडीफ्लॅग्जमध्ये कोंबू नयेत. कारण ‘मेक’ या बांधणी-साधनाच्या रूढ आज्ञेत तो मजकूर ऑब्जेक्ट फायलींच्या आधी येतो, आणि स्थिर लायब्ररी वाचताना लिंकर डावीकडून उजवीकडे जात, त्या घटकेला जे हवाले थकले असतील तेवढेच तिच्यातून भागवितो. मागणीपूर्वीच पुरवठा येऊन गेला, तर ‘अनडिफाइंड रेफरन्स’ हा शेरा ठरलेला! नावांची जागा लिब्ज किंवा एलडीलिब्ज या चलात, सर्वांमागून.

याहून फसवा प्रसंग पुढचा. स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसविलेली शेअर्ड लायब्ररी मोठ्या एलने दाखविली, जोडणी बिनतक्रार पार पडली, आणि आज्ञावली चालवू जाताच तीच लायब्ररी सापडेना. एलडीडी या आज्ञेने चौकशी केली, तर तिच्या नावापुढे ‘नॉट फाउंड’. जोडणारा लिंकर वेगळा, चालविताना शोधणारा लोडर वेगळा. मोठा एल केवळ पहिल्याच्या कानी पडलेला असतो. अशा वेळी एलडी लायब्ररी पाथ या चलात पत्ता घालणे म्हणजे नाक्यावरच्या शिपायाला तोंडी सांगून ठेवणे: त्या टर्मिनलपुरते निभावते, पाळी बदलली की संपले. ‘उणे डब्ल्यूएल, स्वल्पविराम, उणे आरपाथ’ ही सूचना मात्र जीसीसी या कंपायलरच्या हातून लिंकरकडे पोचते आणि पत्ता आज्ञावलीच्या फायलीतच कोरून ठेवते. ओंडका कोणत्याही नाक्यावर उभा राहो, शिक्का त्याच्या अंगावर असतो.

पण कोरलेले सहजी पुसत नाही. लायब्ररी पुढे हलविली, तर तोच पत्ता खोटा ठरतो. तेव्हा हातोडा उचलण्याआधी थप्पीची जागा पक्की करावी.